विश्वासात आलेले कोमटपण : तुम्ही यातून कसे बाहेर पडलात?

मेकोसाबागकर

सर्वांना जय ख्रिस्त.

गेली एकोणीस वर्षे मी आमच्या मंडळीच्या समितीवर आहे आणि त्यांपैकी बहुतेक काळ रविवारच्या उपासनेतील आजाऱ्यांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना मीच चालवीत आलो आहे. नावे एका वहीत लिहिलेली असतात. ती उघडायची, क्रमाने वाचायची आणि शेवटी सर्वांनी आमेन म्हणायचे, असा प्रघात आहे. गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर एक वयस्कर मावशी माझ्याजवळ आल्या आणि माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "भाऊ, मी तर दिवाळीपासून बरी आहो. दर रविवारी मागच्या बाकावर असते. आता माझं नाव काढलं तरी चालते." त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता आणि बहुधा म्हणूनच ते शब्द मला अजून सोडत नाहीत. चार महिने मी एका बाईचे नाव देवासमोर घेत होतो, ती बाई माझ्यापासून वीस पावलांवर बसलेली होती, आणि माझी नजर एकदाही तिच्याकडे गेली नव्हती.

त्या दिवशी घरी आल्यावर माझ्याने जेववले नाही. प्रभुभोजन घेताना आपले मन शेवटचे कधी हलले होते, हे आठवण्याचा मी प्रयत्न केला, तेव्हा आठवण थेट धाकट्या मुलीच्या दृढीकरणापर्यंत, म्हणजे तिने मंडळीसमोर आपला विश्वास कबूल केला त्या विधीपर्यंत, मागे गेली. ती मुलगी आता नोकरीला लागली आहे. या मधल्या वर्षांत माझ्या हातून लोकांनी बोट दाखवावे असे काही घडले नाही. दशांश दिला, मंडळीचा हिशेब चोख ठेवला, नाताळच्या तयारीत पुढे राहिलो, पाळक बदलले तेव्हा नव्या पाळकसाहेबांचे सामान उतरवायलाही गेलो. आमोस संदेष्ट्याने सियोनात स्वस्थ बसलेल्यांना हाय म्हटले आहे, तो अध्याय मी तरुण संघात दोनदा शिकविला आहे. तो माझ्याविषयी असेल, अशी शंका मला त्या दोन्ही वेळी आली नाही.

बायबलच्या शेवटच्या पुस्तकातील, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायातील, लावदिकीया या प्राचीन शहरातील मंडळीला लिहिलेले पत्र मी त्यानंतर अनेकदा वाचले. तू उष्ण नाहीस, थंडही नाहीस, कोमट आहेस, असे प्रभू त्यात तिला म्हणतो. लहानपणापासून आपल्याला असे शिकविले गेले की 'उष्ण' म्हणजे उत्साही विश्वासणारा, 'थंड' म्हणजे देवापासून दूर गेलेला, आणि कोमट म्हणजे या दोहोंच्या मधला. मग कोमट होण्यापेक्षा थंड झालेले बरे, असे प्रभू का म्हणतो, हे मला कधी उमगले नव्हते. त्या भागाची माहिती वाचली तेव्हा उलगडा झाला. लावदिकीयाच्या उत्तरेला साधारण दहा किलोमीटरवर हेरापली होते आणि तेथे गरम पाण्याचे झरे होते. लोक त्यांत अंग शेकायला जात. दुसऱ्या बाजूच्या कलस्सैला डोंगरातून येणारे गार पाणी होते. लावदिकीयाला मात्र स्वतःचे चांगले पाणी नव्हते. ते काही किलोमीटरवरून दगडी नळांतून आणावे लागे आणि त्या नळांत क्षारांचे थर साचलेले आजही पाहायला मिळतात. गरम पाणी दुखऱ्या अंगाला कामाचे, गार पाणी तहानलेल्याला कामाचे. वाटेत क्षार घेऊन आलेले ते पाणी मात्र कोणाच्याच कामाचे नव्हते. अनेक अभ्यासक या उपमेचा असा अर्थ लावतात आणि मला तो पटतो. त्या पत्रात प्रभू किती भावना आहे हे विचारीत नाही. तुझा कोणाला उपयोग होतो का, एवढेच विचारतो.

नागपूरच्या माणसाला क्षार म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या जाळ्या मे संपेपर्यंत दगडासारख्या होतात. पंखा फिरत असतो, मोटर पाणी फेकत असते, आवाजही पहिल्यासारखाच येतो, पण हवा आत येत नाही. माझी अवस्था याहून वेगळी नाही, आणि हे लिहिताना मला लाज वाटत आहे.

त्या शहराची आणखी एक गोष्ट मनाला लागली. इसवी सन ६० मध्ये भूकंपाने लावदिकीया पडले, तेव्हा तेथील लोकांनी रोमकडून मदत न घेता स्वतःच्या पैशाने ते पुन्हा उभारले, अशी इतिहासात नोंद आहे. मी धनवान आहे आणि मला काही उणे नाही, असे ज्या मंडळीने म्हटले, ती त्याच गावातील होती. आम्हीही आमच्या देवळाचे छप्पर कोणाकडे हात न पसरता बदलले आणि त्या वर्षीच्या अहवालात मी ते अभिमानाने लिहिले.

संजीवन सभांना मी गेलेलो आहे. तेथे मन पेटते आणि दोन आठवड्यांत पूर्ववत होते. म्हणून सभांची किंवा वक्त्यांची नावे मला नकोत. तुमच्या स्वतःच्या आयुष्यात हे कोमटपण कसे आले आणि कसे गेले, किंवा गेले नसेल तर तुम्ही त्यासह कसे जगत आहात, एवढे कृपा करून लिहावे.

खलासी लाइन

भाऊ, वाचून बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. माझ्याकडे उत्तर नाही. मीही त्याच बाकावर आहे. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे आणि चोवीस वर्षांपैकी निम्म्याहून अधिक काळ रात्रीच्या कामावर गेला आहे. मेकोसाबागकर दादांनी जे लिहिले ते मनापासून लिहिले आहे, तरी एक गोष्ट वेगळी काढून ठेवावीशी वाटते, कारण ती न कळल्यामुळे मी अनेक वर्षे स्वतःला विनाकारण दोषी ठरवीत आले.

रात्रभर वॉर्डात उभे राहून रविवारी सकाळी उपासनेला आले की स्तोत्र चालू असतानाच माझे डोळे मिटत. मला वाटे की माझे प्रभूवरील प्रेम संपले. एकदा आमच्या तेव्हाच्या पाळकीणबाईंना मी रडत हे सांगितले, तर त्यांनी मला उपदेश केला नाही. त्यांच्या घरी नेले, वरण-भात वाढला आणि आतल्या खोलीत चार तास झोपू दिले. संध्याकाळी त्यांनी एलीयाची गोष्ट काढली. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला पाहिलेला तो संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडून राहिला. देवाने त्या वेळी त्याला एक शब्दही सुनावला नाही. दूताने त्याला निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. 'तू येथे काय करीत आहेस' हा प्रश्न चाळीस दिवसांनंतर, होरेबच्या गुहेत आला.

म्हणून माझे म्हणणे असे की थकवा आणि स्वस्थपणा बाहेरून सारखेच दिसतात, पण त्यांचे औषध उलटे आहे. थकलेल्याला आणखी कामाला जुंपले तर तो मोडतो, आणि स्वस्थ झालेल्याला आणखी विश्रांती दिली तर तो अधिक गाढ झोपतो. दोहोंतील फरक ओळखण्याची माझी साधी खूण आहे. थकलेल्याला आपले काही हरवले आहे याचे दुःख असते. स्वस्थ झालेल्याला काही हरवले आहे हेच ठाऊक नसते. दादा, त्या दिवशी तुमच्या घशाखाली घास उतरला नाही. मावशींनी तुम्हाला त्याच क्षणी जागे केले आहे, असे मला वाटते. आता प्रश्न आहे तो जागे झाल्यावर काय करायचे याचा.

सेमिनरी हिल्स

मी कॅथलिक आहे, त्यामुळे माझी भाषा थोडी वेगळी वाटली तर समजून घ्यावे. या विषयावर आमच्या परंपरेत पुष्कळ जुना विचार झालेला आहे आणि तो नागपूरकरांना विशेष जवळचा वाटेल, कारण तो वाळवंटातल्या दुपारी झालेला आहे.

इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस नावाचे एक तपस्वी होते. त्यांचा मृत्यू ३९९ मध्ये झाला. मठवासीयांच्या मनाला ग्रासणाऱ्या आठ विचारांची त्यांनी मांडणी केली आणि त्यांतील एकाला ग्रीक भाषेत 'अकेडिया' म्हटले. आळस हा त्याचा अपुरा अर्थ होईल. ज्यावर प्रेम आहे त्याचीच काळजी वाटेनाशी होणे, असे म्हणणे अधिक जवळचे आहे. इव्हाग्रियस त्याला दुपारचे भूत म्हणतात आणि हे नाव एक्क्याण्णवाव्या स्तोत्रात भरदुपारी येणाऱ्या संकटाचा जो उल्लेख आहे त्यावरून आलेले आहे. त्यांनी केलेले वर्णन इतके बारकाईचे आहे की ते वाचताना कोणी आपल्या खिडकीतून पाहत होते की काय असे वाटावे. सकाळी दहाच्या सुमारास हे भूत येते आणि दुपारी दोनपर्यंत जीवाला वेढून बसते. सूर्य जागचा हललाच नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा भासतो. तपस्वी पुन्हा पुन्हा खोलीबाहेर डोकावून पाहतो, जेवणाची वेळ किती दूर आहे ते मोजतो. मग त्याला आपल्या जागेचा वीट येतो, हाताने करायच्या कामाचा वीट येतो, आणि शेवटी असे वाटू लागते की या बांधवांमध्ये आता प्रेमच उरलेले नाही, दुसऱ्या ठिकाणी गेलो तर देवाची सेवा अधिक चांगली होईल.

मे महिन्यात दुपारी दोन वाजता सीताबर्डीच्या रस्त्यावर उभे राहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. आयुष्याचीही अशी दुपार असते. सकाळचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या किंवा पहिल्या पश्चात्तापाच्या काळाचा गारवा गेलेला असतो आणि संध्याकाळ अजून दिसत नसते. एकोणीस वर्षे समितीवर असलेल्या माणसाचे वय पाहता, मेकोसाबागकर, तुम्ही त्याच दुपारी उभे आहात.

इव्हाग्रियस यांचा उपाय अगदी साधा आहे : जागा सोडू नका. या वेळी खोलीतून पळालेला पुढच्या वेळी अधिक लवकर पळतो. याच परंपरेत संत अंतोनी यांच्याविषयी सांगतात की, असेच मन विटले असताना त्यांनी देवाला विचारले, मी यातून कसा सुटू? तेव्हा त्यांना आपल्यासारखाच एक मनुष्य दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करीत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता, पुन्हा उठत होता. तो देवदूत होता आणि असेच कर म्हणजे तुझे तारण होईल, असे त्याने सांगितले. मला ही कथा फार प्रिय आहे, कारण तीत दर्शन आहे आणि त्या दर्शनात दोरी वळणे आहे.

पुढे सोळाव्या शतकात संत इग्नाशियस लोयोला यांनी आणखी एक नियम सांगितला, तो मी स्वतः पाळतो. मन कोरडे असताना, आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. आणि प्रार्थनेची ठरलेली वेळ कमी करण्याचा मोह होईल तेव्हा ती थोडी वाढवायची. मी पंधरा मिनिटे बसतो. उठावेसे वाटले की दोन मिनिटे अधिक बसतो. त्या दोन मिनिटांत बहुतेक वेळा काहीही घडत नाही आणि ते कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

रात्रपाळी ताईंच्या म्हणण्याला एक जोड द्यावीशी वाटते. थकवा आणि स्वस्थपणा यांच्यापलीकडे तिसरी अवस्था आहे, ती कोरडेपणाची. क्रूसाचे संत योहान यांनी तिला रात्र म्हटले. मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की त्यांच्या अंतःकरणात अनेक दशके देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळपास नव्हती, आणि त्या काळात त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या व मरणासन्न माणसांना उचलून आणीत होत्या. म्हणून भावना नाही एवढ्यावरून कोणी स्वतःला लावदिकीयाकर ठरवू नये.

हिंगणा रोड

मी येथे वयाने सर्वांत लहान असेन, म्हणून आधीच क्षमा मागतो.

मला वडीलधाऱ्यांच्या उलट अनुभव आहे. आमच्या तरुण संघाचे शिबिर दरवर्षी होते. शेवटच्या रात्री दिवे मंद करतात, गिटार वाजत राहते, सगळे रडतात, हात वर करून समर्पण करतात. मी सलग पाच वर्षे समर्पण केले आहे. परत आल्यावर सोमवारी कंपनीत लॉग-इन करतो आणि बुधवारपर्यंत मी कोण होतो ते आठवत नाही. पाचव्या वर्षी मला असे वाटले की मी प्रभूची वाट पाहत नसून त्या शेवटच्या रात्रीची वाट पाहतो. तेव्हापासून मी शिबिराला जाणे थांबविले आणि त्याबरोबर प्रार्थनाही थांबली. सध्या मी उपासनेला येतो तो आईसाठी.

माझा प्रश्न असा आहे की, मन नसताना गुडघे टेकणे हे ढोंग ठरत नाही का? मन होईल तेव्हाच प्रार्थना करावी, हे अधिक प्रामाणिक नाही का?

जुनी गायनपुस्तिका

या धाग्यावर नेहमीच्या शब्दांची, नेहमीच्या क्रमाची थोडी बदनामी होत आहे असे मला वाटले, म्हणून लिहितो. हिंगणा रोड यांच्या प्रश्नाचे उत्तरही कदाचित त्यात मिळेल.

माझी पत्नी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली. त्या दिवसांत नागपुरात काय चालले होते ते येथील प्रत्येकाला माहीत आहे. दफनाला आम्ही चौघेच होतो. त्यानंतर सहा-सात महिने मला देवाशी बोलण्यासाठी माझा असा एकही शब्द सुचला नाही. जो शब्द सुचे तो देवासमोर उच्चारण्यासारखा नव्हता. त्या काळात माझ्या तोंडून जे निघाले ते केवळ पाठ होते म्हणून निघाले : प्रभूची प्रार्थना, तेविसावे स्तोत्र, उपासनेतील पापांगीकार, आणि आईने लहानपणी शिकविलेली दोन गीते. त्यात माझे मन नव्हते. पण ज्या माणसाला पोहता येत नाही त्याने काठाची दोरी धरून ठेवावी, तसे मी ते शब्द धरून ठेवले. ते शब्द मी सुखाच्या चाळीस वर्षांत, अनेकदा जांभया देत, पाठ केले होते.

म्हणून तरुण मित्राला माझे सांगणे की, मन नसताना गुडघे टेकणे हे ढोंग नाही. मन आहे असे दाखविणे हे ढोंग आहे. 'देवा, माझे मन येथे नाही' असे म्हणून गुडघे टेकता येतात.

आणि मेकोसाबागकर, वहीचा राग करू नका. वही चांगली आहे.

मेकोसाबागकर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मी ऋणी आहे.

जुनी गायनपुस्तिका यांनी माझी चूक दाखवून दिली. मी वहीवर चिडलो होतो. गेल्या आठवड्यात समितीत मी ती वही बंद करून उत्स्फूर्त प्रार्थना सुरू करण्याचा प्रस्तावही मांडणार होतो. आता विचार करतो तेव्हा जाणवते की शब्द जुने झाले हा दोष नव्हताच. तुमच्या तेविसाव्या स्तोत्राखाली तुमचे दुःख होते. माझ्या वहीतील नावांखाली कोणी नव्हते, कारण त्या नावांच्या घरी मी गेलोच नव्हतो. त्या मावशींच्या आजाराचे नेमके नावही मला माहीत नव्हते.

सेमिनरी हिल्स यांनी सांगितलेल्या दुपारच्या भुताने मलाही हेच सांगितले होते की दुसऱ्या मंडळीत जावे, तेथे जिवंतपणा आहे. मी दोन रविवार गुपचूप जाऊनही आलो. हे पत्नीलाही सांगितले नव्हते. आज तिला दाखवूनच येथे लिहीत आहे.

काटोलचा मास्तर

मी निवृत्त शिक्षक असून घरची थोडी शेती पाहतो, त्यामुळे होशेय संदेष्ट्याच्या दहाव्या अध्यायातील पडीत जमीन नांगरण्याची आज्ञा मला नेहमी शेतात उभी असलेली दिसते. आमच्या काळ्या जमिनीत दोन वर्षे नांगर घातला नाही तर हरळी आणि कुंदा माजतो. वरून पाहणाऱ्याला शेत हिरवेगार दिसते. मुळे खोल गेलेली असतात, वरवर खुरपून ती जात नाहीत; भर उन्हाळ्यात खोल नांगरट करून ती उलथी पाडावी लागतात आणि वैशाखाच्या उन्हात वाळवावी लागतात. नांगरलेले शेत कुरूप दिसते. ढेकळेच ढेकळे असतात, आणि पाऊस येईपर्यंत त्याकडे पाहून कोणाला आनंद होत नाही. मात्र पाऊस मुरतो तो त्याच शेतात. आपल्या मंडळ्यांना ढेकळांचा हा काळ नको असतो, लगेच पीक हवे असते, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे.

आपल्याच शहराच्या इतिहासातील दोन माणसे या संदर्भात मला आठवतात.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. आज त्यांचे नाव महाविद्यालयामुळे सर्वांना माहीत आहे, पण ते महाविद्यालय त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये निघाले. ते मराठी शिकले, शाळा चालविली, या भागातील खडक आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांची परंपरागत गीते टिपून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना रात्रीच्या वेळी पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. अठरा वर्षे एका गावात काढूनही त्यांना ते गाव 'पाहून झालेले' वाटले नाही. एका बाजूला उपदेश, दुसऱ्या बाजूला दगडगोटे, असे त्यांचे दोन भाग करणे मला योग्य वाटत नाही. देवाने केलेल्या कोणत्याही गोष्टीला 'हे मला ठाऊक आहे' असे म्हणून पाठ न फिरविण्याचा तो एकच स्वभाव होता. कोमटपणाची सुरुवात कुतूहल संपण्यापासून होते, असे मी विद्यार्थ्यांकडे पाहून आणि पुढे स्वतःकडे पाहून शिकलो. शास्त्रलेखाचा उतारा सुरू होताच त्याचा शेवट आपल्याला आठवतो आणि आपण ऐकणे थांबवतो.

दुसरे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरच्या वास्तव्यानंतर राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परदेशी सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, ही कथा आपल्याकडे सर्वांना पाठ आहे. मला त्यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग अधिक बोलका वाटतो. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, कवी म्हणून आणि उपदेशक म्हणून मोठे नाव झालेले असताना, त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही अशा ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. पुढच्या दोन वर्षांत त्यांचे देहावसान झाले. लौकिक दृष्टीने पाहिले तर तो दरबार फार मोठा झाला नाही. परंतु बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाल्यावर, निवृत्तीच्या हिशेबाच्या वयात, एवढी खोल नांगरट स्वतःच्या आयुष्यात करणारा मनुष्य आपल्या मराठी मंडळीत होऊन गेला, हे मला वारंवार आठवावे लागते. बाप्तिस्म्याची तारीख आपण साजरी करतो. त्यानंतरची बावीस वर्षे कशी गेली, हे सहसा कोणी विचारीत नाही.

एक विषयांतर करून थांबतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतातील सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती याच नागपुरात. शेकडो वर्षांचे मतभेद बाजूला ठेवण्यासाठी त्या पिढीने चाळीसएक वर्षे बोलणी केली, कंटाळली नाही. त्या पिढीची मुले आम्ही, आणि आमच्या समितीत पंख्यांच्या खरेदीवरून दोन गट पडले, हे सांगताना वाईट वाटते.

मोहननगर

हिंगणा रोड यांच्यासाठी थोडेसे. आम्ही मेथडिस्ट, त्यामुळे २४ मे १७३८ ही तारीख आम्हाला लहानपणापासून सांगितली जाते : लंडनच्या एका छोट्या सभेत, रात्री पावणेनऊच्या सुमारास, आमच्या पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांचे अंतःकरण विलक्षण रीतीने उबदार झाले. त्यांच्या रोजनिशीतील त्याच नोंदीत असेही आहे की त्या सभेला ते अगदी अनिच्छेने गेले होते. मन होईल तेव्हाच जायचे असे त्यांनी ठरविले असते तर ते त्या संध्याकाळी घरीच राहिले असते.

हिंगणा रोड

हे मला कोणी सांगितले नव्हते. आभारी आहे. सेमिनरी हिल्स काकांची दोन मिनिटे आज करून पाहिली. सांगण्यासारखे काही घडले नाही, पण मी उठून गेलो नाही.

रात्रपाळी

मेकोसाबागकर दादा, महिना होऊन गेला. त्या वहीचे पुढे काय झाले ते सांगावे.

मेकोसाबागकर

उशिरा लिहीत आहे, कारण सांगण्याजोगे काही होईपर्यंत लिहायचे नाही असे ठरविले होते.

वहीत एकतीस नावे होती. मी त्या मावशींकडे गेलो, क्षमा मागितली आणि या सर्व घरी माझ्याबरोबर याल का, असे विचारले. त्या लगेच तयार झाल्या. स्कूटरवर मागे बसून, डोक्याला ओला दुपट्टा बांधून, या उन्हात त्या माझ्याबरोबर फिरत आहेत. एकतीसपैकी बारा जण केव्हाच बरे झालेले निघाले. दोघे मुलांकडे पुण्याला गेले होते. तिघांचे निधन झाले होते आणि त्यांतील एकाच्या घरच्यांनी मला दारातच सांगितले की आजारपणाच्या सहा महिन्यांत मंडळीतून कोणीही आले नाही, म्हणून ते आता कोणत्याच मंडळीत जात नाहीत. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखे नव्हतेच. मावशींनी मात्र त्या घरच्या सुनेला विचारले, "बाई, पाणी देतेस का?" आणि आम्ही आत जाऊन बसलो. तेथे दीड तास गेला. प्रार्थना करू का, असे मी विचारले नाही. निघताना त्या घरातील आजोबांनीच विचारले की पुन्हा कधी याल.

माझ्या अंतःकरणात काही मोठे घडले आहे असा दावा मी करीत नाही. पण गेल्या रविवारी वही उघडली तेव्हा तीत चौदा नावे होती आणि प्रत्येक नावाबरोबर मला एक खोली दिसत होती : एका ठिकाणी खाटेखाली ठेवलेला ऑक्सिजनचा सिलिंडर, एका ठिकाणी भिंतीवर टांगलेले लग्नातील छायाचित्र, एका ठिकाणी दिवसभर बंद ठेवलेली खिडकी. सातव्या नावाशी माझा आवाज बसला आणि मला पुढे वाचता येईना. मंडळीत शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून मावशींनी ते नाव मोठ्याने उच्चारले, आणि पुढची सात नावे मंडळीतील निरनिराळ्या लोकांनी एकेक करून घेतली. ती कोणाची नावे आहेत हे ज्यांना माहीत होते तेच बोलत होते.

वही आता मावशींकडे असते. त्यांनी प्रत्येक नावासमोर भेटीचा दिवस लिहायला सुरुवात केली आहे. उद्या सकाळी ऊन चढण्याच्या आत आम्हाला कामठीला पोहोचायचे आहे. तेथे एका एकट्या राहणाऱ्या बाईंच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब घालायला त्यांच्याजवळ कोणी नाही. सकाळची पाळी आमची आहे. दुपारच्या पाळीसाठी खलासी लाइन यांनी काल स्वतःहून फोन केला.